रॉस्को आणि मतदानाची रांग

आर्डेला प्रुइट वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची. एका निवडणुकीला काम लांबलं आणि ती धापा टाकत पोचली, तेव्हा केंद्राचं दार बंद झालं होतं. ते तिच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून मतदानाच्या दिवसाआधी दोन आठवडे चालणारं आगाऊ मतदान सुरू झालं रे झालं, की चर्चमधल्या बायकांबरोबर जाऊन ती मोकळी व्हायची.

तिचा नवरा रॉस्को न्हावी. तो मात्र मतदानाच्याच दिवशी जाणार. नॉर्थ कॅरोलिनातल्या याच गावात त्याच्या वडिलांना काळे म्हणून केंद्रावरून हुसकून लावलं होतं. पुढे हक्क मिळाला, तेव्हा लहानग्या रॉस्कोला बरोबर घेऊन ते दिवसभर रांगेत उभे राहिले.

"तुझं मत म्हणजे शिळं बिस्किट," तो चिडवायचा.

"आणि तुझं अजून भट्टीत. करपलं म्हणजे?"

यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिने किती विनवलं, पण गडी हलला नाही. शेवटी मतदानाच्या दिवशी तीच रजा काढून त्याला घेऊन गेली. यंत्र बिघडल्यामुळे रांग पार रस्त्यावर आलेली.

"गाडीतच बस. केंद्रातली माणसं इथे येऊन मत घेतात."

"मी गाडीत बसून बर्गर घ्यायला आलेलो नाही, बाई."

तिने घडीची खुर्ची काढली. रांग सरकली की ती खुर्ची पुढे घ्यायची. तिच्या नेहमीच्या रांगेत सगळ्या वयस्कर, मनाशी ठरवून आलेल्या. इथे रात्रपाळीवरून तडक आलेले, कडेवर पोर घेतलेल्या, कुणाला मत द्यायचं यावर अजून वाद घालणारे.

पुढची एक मुलगी रांगेतून निघाली. "जाते. मॅनेजर ओरडेल."

आर्डेलाने तिला अडवलं. "फोन लाव त्याला. मी बोलते."

मुलीने मॅनेजरचं नाव सांगून बिचकत फोन दिला. "मी आर्डेला, वृद्धाश्रमातली. तुझ्या आईला रोज मीच जेवू घालते, बाळा. पोरीला जरा उशीर होईल."

मुलगी थांबली. तिचं मत झालं, रॉस्कोचंही झालं.

"बघितलंस? तुझ्या रांगेत असं काही घडतं का?" गाडीत बसताना तो म्हणाला.

"सुट्टी बघून माझ्या रांगेत आली असती, तर मॅनेजरला फोन करावाच लागला नसता."



पुढच्या निवडणुकीला तो तिच्याबरोबर आगाऊ मत देऊन आला. 'बँकेत गेल्यासारखं वाटलं,' एवढंच बोलला. पण मतदानाच्या दिवशी दुपारीच त्याने दुकान बंद केलं आणि केंद्राकडे निघाला.

"मत दिलंयस ना तू?" आर्डेलाने विचारलं.

"दिलंय. गप्पा राहिल्यात."