सोळा डिसेंबरचा गूळ

सन १९१४ ते १९१८. आजोबांचे थोरले बंधू पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेले, परतले नाहीत. जबाबदार: ज्या राजाचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही तो राजा, आणि गावात येऊन तरण्या पोरांच्या छात्या मोजणारा त्याचा भरती-अधिकारी.

सन १९३९ ते १९४५. चुलते इटलीच्या डोंगरात पडले. जबाबदार: बर्लिनचा हुकूमशहा, रोमचा हुकूमशहा, आणि आमच्या माणसांना न विचारता त्यांच्या वतीने युद्ध पुकारणारे दिल्लीचे व्हाइसरॉय.

सन १९७१, डिसेंबर. माझा थोरला भाऊ पश्चिम सीमेवर बेपत्ता झाला. जबाबदार: पलीकडचे लष्करशहा, आणि आमच्या पत्रांना वर्षानुवर्षे ‘चौकशी चालू आहे’ एवढेच उत्तर देणारे अलीकडचे सर्व सहीबहाद्दर.

गेल्या वर्षीचा १६ डिसेंबर. त्याच भावाला आमच्या गावाने ठार केले. जबाबदार: स्मारक समिती आणि तिच्या ठरावाला डोळे मिटून मान्यता देणारी ग्रामपंचायत.

पहिल्या तीन प्रकरणांतले आरोपी आता समन्स घ्यायला हयात नाहीत. चौथ्यातले रोज सकाळी पारावर चहा पितात. म्हणून हे लिहितो आहे.

आमचे गाव खटाव तालुक्याच्या कोरड्या अंगाला. ज्वारी पावसाच्या मर्जीने येते, म्हणून पोरे एकतर पलटणीत जातात, नाहीतर विट्याकडच्या एखाद्या सोयऱ्याचा हात धरून परमुलखात सोने गाळायला. चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली एक पाटी आहे. महायुद्धाला या गावातून किती गेले आणि किती मेले, एवढेच तीवर कोरले आहे. नाव एकाचेही नाही. त्या पाटीने शंभर वर्षांत कोणाचे मन दुखावले नाही, कारण तिने कोणाला ओळखलेच नव्हते. आमच्या समितीने ती चूक सुधारायची ठरवली. काळ्या दगडाचा उंच स्तंभ, त्यावर प्रत्येक युद्धाचे नाव, त्याखाली माणसाचे नाव, आणि नावापुढे वीरगतीचा दिनांक.

अनावरणाच्या दिवशी वहिनींना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. भाऊ सीमेवर गेला तेव्हा त्यांच्या लग्नाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. मूल नव्हते. माहेरच्यांनी न्यायला गाडी आणली, ती त्यांनी रिकामी परत पाठवली. तेव्हापासून आजपर्यंत कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरवा चुडा. गावात हळदीकुंकवाला त्यांना बोलावणाऱ्या आहेत, न बोलावणाऱ्याही आहेत. त्या बोलावणे आले की जातात. न आले तर विचारत नाहीत. ट्रंकेच्या तळाशी एक हिरवे लुगडे घडी घालून ठेवले आहे. ते कशासाठी, हे आमच्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. अहेवपणी मरण आले तर नेसवायचे.

पडदा बाजूला झाला. ध्वनिक्षेपकावर ‘वीरपत्नी’ असा पुकारा झाला. सरपंचांच्या सौभाग्यवती तबक घेऊन ओळीने निघाल्या, आणि वहिनींपाशी येऊन त्यांचा कुंकवाकडे गेलेला हात तबकातल्या नारळावर वळला. नारळ मांडीवर ठेवून त्या पुढे गेल्या. वहिनी त्या नारळाकडे पाहत राहिल्या, आणि मी दगड वाचत राहिलो. भावाचे नाव. पुढे: ‘वीरगती १६ डिसेंबर १९७१’.

तालुक्याच्या न्यायालयात मी सारी नोकरी काढली. साक्षीपुरावे लिहून घेताना एक गोष्ट हाडात मुरली: वाक्य कोणाचे आहे ते विचारावे. समितीचे अध्यक्ष निवृत्त सुभेदार आहेत, माझ्याहून धाकटे, शेजारच्या गल्लीतले. मांडवातच त्यांना गाठले.

“ही तारीख कोणी दिली?”

“आवं अण्णा, विजयदिवस हाय की! ज्यांची तारीख घावली न्हाई त्या समद्यांस्नी सोळाच घातली. दगड मोकळा कसा सोडायचा?”

“मोकळा सोडला असता तर काय बिघडले असते?”

“चांगलं दिसलं न्हाई आसतं. आन् मान दिला का न्हाई आमी? पन्नास वर्सं झाली, तुमचा भाऊ कुठंच न्हवता. ना जित्यात, ना मेल्यात. आमी त्याला जागा दिली.” मग आवाज खाली आणून, “कोर्ट सुटलं तरी तुमी काय सुटना गड्या.”

भोवतालचे हसले. मी हसलो नाही. सुभेदार मनाने वाईट नाहीत, हे येथे नमूद करतो. पलटणीच्या गावात मान देणे म्हणजे नाव कोरणे, आणि ज्याचा मान करायचा त्याच्या घरी विचारायला जाणे हा अपमान, अशीच येथली समजूत आहे. परंतु चांगल्या मनाने केलेला खोटा दस्तऐवज हाही खोटा दस्तऐवजच असतो.

आता कायदा पाहू. ज्याची वार्ता ज्यांना सहज कळली असती त्यांना सात वर्षे कळली नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. हे मला ठाऊक आहे, आणि तो भार वहिनींनी पाच दशके कोणाकडे तक्रार न करता उचलला. परंतु कायदा फार तर मृत्यू गृहीत धरतो. मृत्यूची तारीख गृहीत धरत नाही. ती ज्याला सांगायची असेल त्याने पुराव्याने शाबीत करायची असते. शासनाने प्रथम ‘बेपत्ता’ म्हटले, पुढे ‘मृत समजण्यात येत आहे’ म्हटले. तारीख त्यांनीही दिली नाही. जे सैन्याला सांगता आले नाही ते आमच्या समितीला कोणत्या साक्षीदाराने सांगितले? आणखी एक. सोळा तारखेला शरणागती झाली ती ढाक्याला. माझा भाऊ पश्चिमेला होता, आणि तिकडे बंदुका थांबल्या सतराला. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातून ताडून पाहता आली असती.

उन्हाळ्यात वहिनी न्हाणीत घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. कराडहून शस्त्रक्रिया करून आणले, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. आता भावकीतल्या बाया समाचाराला येतात आणि ओसरीवर कुजबुजतात: दगडावर नाव चढले, आता हिरवे नेसवायचे कसे? परवा एक चुलत-चुलती सरळ मलाच म्हणाली, “औंदा घातचौदसीला म्हाळात त्याचं पान मांडा. गावानं मान्य केलंय, आता घरानं का आडून बसायचं?” शस्त्राने मेलेल्यांना भाद्रपदातल्या त्या चतुर्दशीला जेवू घालायचे, ही आमच्याकडची रीत. आमच्या घरात त्या दिवशी भावाच्या नावाने चूल पेटत नाही.

मला वाटले होते, वहिनींचे दुःख त्या लुगड्याचे आहे. मी तसे बोललोही. म्हणालो, “वहिनी, काळजी करू नका. कोणी काही म्हणो, हिरवेच नेसवीन.”

दूरदर्शनवर बातम्या लागल्या होत्या. युक्रेनमधली एक म्हातारी मुलाचा फोटो छातीशी धरून सैनिकांच्या गाडीमागे पळत होती. वहिनी पडल्या पडल्या तिच्याकडे पाहत होत्या.

“तिला आजून तारीख दिली न्हाई वाटतं कुनी,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “लुगड्याचं ऱ्हाऊ द्या, भावजी. त्या दिशी तुमी कुठं हुता?”

“कोणत्या दिवशी?”

“सोळाला. रेडिओ लागला हुता बगा चावडीवर.”

आणि मला आठवले. मी शाळकरी होतो. लढाई जिंकल्याचे रेडिओवर सांगितले तेव्हा सारे गाव चावडीपुढे लोटले होते. वहिनी आतून गुळाची अख्खी ढेप घेऊन आल्या, उंबऱ्यावर आपटून फोडली, आणि सासूची नजर न जुमानता डोईवरचा पदर सावरत गल्लीच्या दोन्ही बाजूंना वाटत सुटल्या. मी परात धरली होती. त्या हसत होत्या. तशा हसताना मी त्यांना पुढे कधी पाहिले नाही. लढाई संपली म्हणजे नवरा येणार, एवढाच त्यांचा हिशेब होता. ‘बेपत्ता’ची तार नंतर आली.

“समद्या गल्लीला वाटला,” वहिनी म्हणाल्या. “सवताबी खाल्ला. आन् त्यो दगड म्हनतो, तवा हे पडलं हुतं.”

मी उठून दूरदर्शन बंद केले.

“ते गेलं आसतील. मला काय कळत न्हाई व्हय? कवाचं गेलं आसतील. पर कुठल्याबी दिशी घाला म्हनावं, त्या दिशी न्हाई. त्या दिशी मी गूळ वाटला.”

त्यानंतर मी समितीला तीन पत्रे दिली. पहिल्याला पोच मिळाली. दुसरे ‘पुढील बैठकीत ठेवू’ म्हणून ठेवून घेतले. तिसऱ्याच्या वेळी सुभेदार म्हणाले, “दगडाव खोडाखोड केली तर गाव हसंल, अण्णा.” गाव हसेल! एक बाई मरणाच्या दारात पडून स्वतःच्या तोंडातली पन्नास वर्षांपूर्वीची गोडी थुंकून टाकायला पाहते आहे, आणि यांना हसण्याची चिंता.

म्हणून जाहीरपणे मागतो. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा आहे. वहिनींना मी बाजेसकट तेथे आणीन. ज्या कोणी ‘१६ डिसेंबर’ हे शब्द पाथरवटाला सांगितले त्याने सर्वांसमक्ष उभे राहावे, समितीच्या आड न लपता स्वतःच्या तोंडाने, आणि त्या बाजेकडे पाहून सांगावे: तुम्ही गूळ वाटत होता तेव्हा तो मेला होता, आणि हे मला अमुक माणसाने, अमुक पुराव्याने कळवले. तसे सांगता येत नसेल तर “आम्हाला माहीत नाही” असे म्हणावे, आणि त्याच दिवशी, तिच्या डोळ्यांदेखत, नावापुढची जागा छिन्नीने मोकळी करावी. भाद्रपदाआधी मला उत्तर हवे आहे. पत्राने नको. तिला ऐकू येईल असे हवे.