बायकोनं पसंत केलेली नोकरी

जालन्याच्या एमआयडीसीतून लोखंडी सळई भरायची आणि खाली दक्षिणेत, कोईमतूरला नाहीतर कोचीला नेऊन उतरवायची, हे काम मी बरीच वर्षं केलं. जाणं सोपं असायचं. अवघड असायचं ते परत येणं. एवढ्या लांबून रिकामी गाडी आणणं कोणत्याच मालकाला परवडत नाही. म्हणून परतीचं भाडं मिळेपर्यंत तिथंच थांबायचं. नारळ, रबर, कागद, जे मिळेल त्याची वाट बघत आम्ही ड्रायव्हर लोक गाडीच्या सावलीत स्टोव्हवर भात शिजवत बसायचो.

घर परतूरला. घरात आई, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. मी आलो की आई पाहुण्यांसाठी ठेवलेलं काठाचं ताट काढायची, आणि जेवताना मुलगी मला आग्रह करायची. मला ते आवडायचं. बायकोला मात्र आवडत नसावं, कारण एकदा मी सेलमला अडकलो असताना तिचा फोन आला आणि ती सरळ म्हणाली की तिनं माझ्यासाठी नोकरी बघितली आहे.

आमच्या गल्लीतली एक बाई रोज रेल्वेनं जालन्याला जाते आणि तिथल्या एका बियाण्याच्या प्लांटमध्ये निवडणीचं काम करते. तिथं ट्रक चालवायला माणूस पाहिजे, हे तिनं बायकोला सांगितलं होतं. नेमकं त्याच दिवसांत मलाही बाहेरच्या एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा निरोप आला होता. नवी कोरी गाडी, एसी केबिन, पगार आत्ताच्यापेक्षा चांगलाच जास्त. माझा कल तिकडं होता, हे मी लपवलं नाही. बायको म्हणाली, "मंग दोन्ही जागा मला दाखवा."

नोकरी मी करणार आणि बघायला ती येणार, हे मला आधी विचित्र वाटलं. पण घरी आल्यावर एका सकाळी आम्ही दोघं रेल्वेत बसून जालन्याला गेलो.

आधी मोठ्या कंपनीच्या तिथल्या ऑफिसात. तिथल्या तरुण साहेबानं चहा पाजला, विम्याचं सांगितलं आणि आवारात नेऊन गाडी दाखवली. मी सीटवर बसलो तर सीट हवेनं हळूच खालीवर होत होती. मला उतरावंसंच वाटेना. खाली उभ्या असलेल्या बायकोनं साहेबाला एकच विचारलं, की घरी कधी सोडता? तो नम्रपणे म्हणाला की दोन-अडीच महिन्यांनी सुट्टी मिळते, आणि मिळाली की ताई, चांगली आठवडाभर मिळते. ती बरं म्हणाली आणि चालू लागली. मला उतरावं लागलं.

बियाण्याच्या प्लांटमध्ये मॅनेजर वयस्कर होते, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यांच्यासमोर बायको खुर्चीच्या कडेवर बसली, पण प्रश्न तिचे तयार होते. गाडी कुठवर जाते? नांदेड, यवतमाळ, अकोला, फार झालं तर आदिलाबाद. मुक्काम? एखाद्या रात्रीचा. रविवार? सुट्टी. मॅनेजर खरं बोलणारे निघाले. पेरणीच्या आधीचा एक-दीड महिना मात्र घर विसरायचं, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्यावर तिनं त्या दिवसांचा वेगळा भत्ता मागितला. मी खाली बघू लागलो. मॅनेजर हसले आणि देऊ म्हणाले. पगार मोठ्या कंपनीपेक्षा कमी होता, पण माझ्या जुन्या कमाईपेक्षा जास्त, आणि मुख्य म्हणजे महिन्याच्या महिन्याला ठरलेला.

मग मी माझा एकमेव प्रश्न विचारला. परतीचं भाडं नाही मिळालं तर किती थांबायचं?

"थांबायचं कशाला?" ते म्हणाले. "बियाणं पोचलं की झालं आपलं काम. रिकामी येऊ द्या की गाडी."

माझ्या आजवरच्या कामात मला रिकामी ये असं कुणीच म्हटलं नव्हतं. हवेवर हलणारी ती सीट माझ्या डोक्यातून तिथंच निघून गेली.

आता गाडी चालवून दाखवायची होती. दोन गोदामांच्या मधल्या बोळातून ट्रक मागं घेऊन माल चढवायच्या फलाटाला लावायचा. मी निघालो तर बायको उठली आणि मॅनेजरना म्हणाली, "मी बसू का गाडीत? मी कधी बघितलंच न्हाई यांना चालवताना."

ते खरं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं मला गाडीवर कधी पाहिलं नव्हतं. मॅनेजर जरा गडबडले आणि मग बसा म्हणाले. पदर खोचून ती केबिनमध्ये चढली. घाटात धुक्यातून सळईची गाडी उतरवताना मला घाम फुटला नव्हता, तो तिथं फुटला. एका बाजूची भिंत आरशात अगदी जवळ दिसत होती. मी इंच-इंच मागं घेत होतो आणि ती तिच्या बाजूच्या आरशात श्वास रोखून बघत होती. फलाटाला गाडी टेकली तेव्हा हमालांनी बराबर आली म्हणून हात वर केले. तिनं खाली उतरताना हळूच सांगितलं, "मला वाटायचं, तुम्ही नुसते बसून असता."

नोकरी ठरली. राहिलं होतं ते जुन्या मालकांना सांगणं, आणि त्याचीच मला धास्ती होती. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. ते स्वतः एकेकाळी ड्रायव्हर होते. पहिल्यांदा त्यांनीच माझ्या हातात मोठी गाडी दिली, माझ्या वडिलांच्या आजारपणात न मागता सुट्टी दिली. अशा माणसाला सोडून चाललो हे कोणत्या तोंडानं सांगायचं? बायपासजवळच्या त्यांच्या ऑफिसात मी बराच वेळ टायरांच्या गोष्टी करत बसलो. शेवटी चाचांनी चष्मा काढला.

"बियाणेवालों की गाडी कैसी है?" त्यांनी विचारलं.

तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तेरी घरवाली का फोन परसोंच आया था. हमारी बेगम को. मेरे कू तो कलच मालूम हुआ."

दर ईदला आम्ही शीरखुर्मा खायला त्यांच्या घरी जायचो, पण या दोघींचं असं बोलणं चालतं याचा मला बिलकुल पत्ता नव्हता. मी म्हणालो, "चाचा, नाराज हाईत का?" ते म्हणाले की नाराज आहे, चांगला ड्रायव्हर गेला तर कोण खूश होईल, पण त्यांच्या बेगमनं त्यांना सांगून ठेवलंय की पोराला अडवायचं नाही. एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. नवा माणूस मिळेपर्यंत एक फेरी करून दे, इतकंच त्यांनी मागितलं. ती कोचीची फेरी मी आनंदानं केली.

नव्या कामाला लागलो आणि मग कळलं की घरात राहणं ही गोष्टसुद्धा शिकावी लागते. सकाळी मुलीची शाळा, नळाचं पाणी, आईचा देव, सगळं घड्याळावर चालायचं आणि मी नेमका मधे उभा असायचो. मोरीत गेलो तर कुणाला तरी उशीर व्हायचा. एकदा संध्याकाळी मला दारात बघून आई म्हणाली, "आज बी आलास व्हय?" वाईट वाटून घ्यावं असं तिच्या आवाजात काही नव्हतं, तिला खरंच नवल वाटलं होतं.

मग एका रविवारी मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तमिळ ड्रायव्हरांकडून शिकलेलं चिंचेचं सांबार आणि भात केला. आईनं आधी नुसतं बोट बुडवून चव घेतली, मग वाटीभर मागितलं. मुलीनं शेजारच्या मैत्रिणीला बोलावून आणलं. आता रविवारचा स्वयंपाक माझ्याकडेच आहे, आणि चिंच जास्त झाली तर मला बोलणी बसतात.

यंदा पेरणीच्या आधीची धावपळ संपल्यावर आम्ही बायकोच्या माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला गेलो. देवीचं दर्शन झालं आणि सासऱ्यांच्या ओसरीवर माणसं जमली. पूर्वी मला तिथं खालच्या मुलखातल्या रस्त्यांबद्दल विचारायचे. आता सगळे विचारू लागले की यंदा कपाशीचं कोणतं बियाणं लावावं, तुम्ही तर रोज तेच नेऊन राह्यले. मी सांगितलं की माझा संबंध पिशव्यांशी, आतलं मला काही कळत नाही. सासऱ्यांना ते पटलं नाही. जावई मुद्दाम सांगत नाहीत, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढायला लावली.