बोंडअळीचा पेपर निघेपर्यंत

वर्ध्यात मी कुठंही जाऊ द्या, एसटी स्टँडवर, भाजीबाजारात, नाहीतर नात्यातल्या लग्नाच्या पंगतीत, प्रश्न ठरलेला. "काय मॅडम, पीएच.डी. कुठवर आली?" आता काय सांगू बाप्पा! पीएच.डी. होती तिथेच असायची, किस्से तेवढे वाढत जायचे. पेपर एकच, पण तो जितक्या वेळा परत आला तितक्या वेळा एक किस्सा सोबत घेऊन आला. लोकांकडे लोणची मुरतात, आमच्या स्टाफरूममध्ये हे किस्से मुरतात.

आधी भानगड सांगते, म्हणजे माझा संताप कळेल. मी इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझा विषय कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. आमच्याकडे नियम असा की थिसिस जमा करायच्या आधी चांगल्या जर्नलमध्ये एक पेपर छापून आला पाहिजे. आणि माझे गाइड वानखडे सर रिटायरमेंटला टेकलेले. सर गेले की गाइड बदलणार, आणि नवा गाइड पहिलं वाक्य म्हणणार, "हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करू या." म्हणजे सरांच्या गळ्यात निरोपाचा हार पडायच्या आत पेपर निघाला तर ठीक, नाहीतर एवढ्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी!

*

सुरुवातच बघा. समुद्रपूरजवळ नामदेवभाऊंचं शेत आहे, तिथं माझा प्रयोग. कपाशीत, म्हणजे इकडच्या पऱ्हाटीत, सापळे टांगायचे, त्यात पतंग अडकतात ते मोजायचे. काही तुकड्यांवर वेगवेगळी फवारणी करायची, आणि एक तुकडा मुद्दाम तसाच सोडायचा. त्याला औषधाचा थेंबही लावायचा नाही. फवारलेल्यात आणि न फवारलेल्यात फरक किती, हे त्यावरून कळतं. या तुकड्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. तो नसेल तर बाकीचा प्रयोग शून्य!

नामदेवभाऊ म्हणाले, "काही टेन्शन घेऊ नका मॅडम, मी हाओ ना!"

दिवाळीच्या सुट्टीत मी अळ्या मोजायला गेले. कंट्रोलमधलं बोंड फोडलं, अळी नाही. दुसरं फोडलं, नाही. पांढराशुभ्र कापूस!

"नामदेवभाऊ, अळ्या कुठे गेल्या?"

त्यांचा चेहरा आनंदानं फुललेला. "फवारलं ना मॅडम! येनारे-जानारे पाहून राह्यले होते. म्हणत, नामदेवाच्या वावरात पाह्य कशी कीड पडली. मले मोठी लाज वाटली. म्हणलं, बाईमानूस वर्ध्याहून एसटीनं येते, आन तिच्याच तुकड्याले कीड काऊन? माह्या घरचं औषध मारलं. तुमच्याकून एक पैसा घेनार नाई!"

मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, मटकन बसले. अख्खा हंगाम गेला होता! आणि ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस माझ्यासाठी चहा सांगत होता. त्यांच्या बायकोनं, शांताबाईनं, चहा आणला आणि वर विचारलं, "आता तरी खुश हाय ना मॅडम?"

पुढच्या हंगामात मी आधीच बजावलं. "भाऊ, हात जोडते. पेपर निघेपर्यंत या तुकड्याला औषध लागता कामा नये. मी सांगेन तेव्हाच फवारायचं!"

"गळ्याची शप्पत मॅडम," त्यांनी गळ्याला चिमूट लावली. "तुमी सांगसान तवाच."

आणि शब्द पाळला हो माणसानं. दोन हंगाम त्या तुकड्यात अळ्यांची जत्रा भरली. गावानं त्याचं नाव पाडलं, 'मॅडमचा तुकडा'. मला हवे तेवढे आकडे मिळाले, आणि मी गाठोडं बांधून वर्ध्याला लिहायला बसले.

*

लिहून झालं तशी नावांची लढाई सुरू झाली. पेपरवर माझं नाव आणि सरांचं नाव, विषय संपला, असं मला वाटत होतं.

प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, संस्थेच्या प्रमुखाचं नाव असलं की पेपरला वजन येतं." मग आमच्या विभागप्रमुखांना कळलं. ते म्हणाले, "प्राचार्यांचं असेल तर माझं कसं नसेल?" मग कोणीतरी सुचवलं की संस्थेच्या सचिवांचे जावई कृषी पदवीधर आहेत. जावई! त्यांनी कपाशी पाहिली असेल ती उशीत!

मी यादी घेऊन सरांकडे गेले. सरांनी चष्मा वर केला. "पेपर हाय का लग्नपत्रिका? निमंत्रक कोन, स्नेहांकित कोन, तेही लिहून टाक. खाली टाक, आमच्या पेपरले यायचं हं, चिंगी आन पिंटू!"

"मग प्राचार्यांना काय सांगू?"

"सांग, जो समुद्रपूरच्या उन्हात बोंडं फोडन, त्याचं नाव. रविवारी सकायची एसटी हाय म्हणा."

मी हे जसंच्या तसं नाही सांगितलं, मला नोकरी करायची आहे. पण रविवारच्या एसटीचं निमंत्रण सगळ्यांना दिलं. कोणी आलं नाही. दोनच नावं राहिली, आणि माझी रजा पुढचं वर्षभर मंजूर व्हायला त्रास झाला.

*

पेपर पाठवणं म्हणजे काय दिव्य असतं, ते पाठवल्याशिवाय कळत नाही. पोर्टलवर रकानेच रकाने. सगळे भरत आणले आणि लाइट गेली! लाइट आली तर पोर्टल म्हणतं, पुन्हा लॉगिन करा. सगळं कोरं! मी कीबोर्डवर डोकं टेकवलं. एका रकान्यात विचारलं होतं, या विषयात तुमचे काही हितसंबंध आहेत का? सर मागून म्हणाले, "लिही, बोंडअळीसोबत जुनं वैर हाय."

तर तो पेपर पहिल्या जर्नलनं दोन दिवसांत परत केला. कारण काय? विषय आमच्या कक्षेत बसत नाही. अहो, जर्नल कीटकांचं! बोंडअळी कीटक नाही तर काय शेळी आहे?

दुसऱ्या जर्नलनं मात्र ठेवून घेतला. किती दिवस? विचारू नका. पोर्टलवर एकच ओळ दिसायची, 'संपादकांकडे आहे'. मी सकाळी चहाच्या आधी ती बघायची आणि दिवस खराब करून घ्यायची. त्यात अधूनमधून नामदेवभाऊंचा फोन.

"मॅडम, निघाला का पेपर?"

आता यांनाही उत्तर द्या! "नाही हो भाऊ. निघतो कसला!"

"बरं बरं. राहू द्या मंग. काही घाई नाई."

*

याच काळात आमच्या स्टाफरूममधले वनस्पतिशास्त्राचे गावंडे सर एक दिवस पेढे घेऊन आले. त्यांचा कडुनिंबावरचा पेपर 'आंतरराष्ट्रीय' जर्नलनं स्वीकारला होता. सकाळी पाठवला, दुपारचा चहा व्हायच्या आत मंजूर! तपासणाऱ्याचा शेरा फक्त एवढाच: छान काम, असंच चालू ठेवा. फी भरली की झालं. प्रमाणपत्र तर असं रंगीत की गावंडेंनी फ्रेम करून भिंतीवर लावलं.

मी छापील पेपर उघडला. कडुनिंबाच्या पेपरमध्ये आकृती दोन म्हणून म्हशीच्या गर्भाशयाचा फोटो!

"गावंडे सर, हे काय?"

"त्यायच्याकून चुकून जोडल्या गेला. जाऊ द्या ना मॅडम, आतमंदी कोन पाह्यते!" वरून मलाच म्हणतात, "तुमीबी इथंच टाका. आठ दिवसांत मोकळ्या. सर रिटायर होऊन राह्यले, अन् तुमी बसल्या वाट पाहत!"

खोटं कशाला बोलू, माझं मन डगमगलं. सरांच्या रिटायरमेंटला थोडे महिने उरले होते. रडू यायचं मला, खरंच. मी पेपर त्या जर्नलच्या साच्यात बसवून सरांपुढे ठेवला.

सर रागावले नाहीत. त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, "छापायचं असन तर छाप, प्रज्ञा. मंग माहं नाव काढजो त्याच्यातून. आन नामदेवाचे दोन हंगाम त्याले वापस करून येजो."

मी कागद उचलले आणि गुपचूप फाडले. गावंडेंचं प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे. आकृती दोनबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही.

*

पण गावंडे मनानं चांगले. माझी दशा पाहून त्यांनी परस्पर केळझरच्या गणपतीला नवस बोलला. "पेपर ॲक्सेप्ट झाला तर मॅडमच्या नावानं एकवीस मोदक." आमच्या घरी नवसाची पद्धत नाही. मी म्हटलं, "सर, मला विचारायचं तरी!" ते म्हणाले, "देव थोडाच विचारते, तुमी कोनत्या घरच्या!"

आणि पुढच्याच आठवड्यात निकाल आला. नकार नाही, होकारही नाही. 'मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा.'

झालं! स्टाफरूममध्ये वाद पेटला. नवस पावला की नाही? गावंडेंचं म्हणणं, देवानं अर्धं काम केलं. रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या, मग अर्धे मोदक द्या. शेवटी गावंडे खरंच अकरा मोदक घेऊन केळझरला गेले आणि दहा वाहून आले. "मी सांगून आलो, बाकीचे छापल्यावर."

"आणि अकरावा?" मी विचारलं.

"थो मी रस्त्यात खाल्ला."

*

आता त्या दुरुस्त्या ऐका आणि मला सांगा, माणसानं चिडायचं नाही तर काय करायचं! पेपर तपासणारे दोघं. पहिला म्हणतो, पेपर फार लांबलाय, अर्धा करा. दुसरा म्हणतो, फार त्रोटक आहे, वाढवा. पहिल्याला नकाशा नको, दुसऱ्याला दोन नकाशे हवेत. हा दुसरा तर मागच्या जन्मीचा माझा सासराच असावा! त्यानं लिहिलं, लेखिकेनं कंट्रोल खरोखरच फवारणीशिवाय राखला होता याची खात्री कशी द्यायची? मला नामदेवभाऊंचा तो पहिला हंगाम आठवला आणि घाम फुटला. मी उत्तरात लिहिलं, शेतकऱ्यानं तोंडी हमी दिली आहे. सरांनी वाचलं, 'तोंडी' खोडलं आणि नुसतं 'हमी' ठेवलं.

शेवटचा शेरा होता, इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे अशा माणसाकडून पेपर सुधारून घ्या.

सर म्हणाले, "अळी समुद्रपूरची, पऱ्हाटी समुद्रपूरची, आन मानूस लंडनचा पाह्यजे! तो आला तर त्याले म्हणा, रविवारी सकायची एसटी हाय."

दुरुस्त्या करून पाठवल्या. पुन्हा तीच ओळ. 'संपादकांकडे आहे.'

*

सरांचा निरोप समारंभ आला, पेपर आला नाही. सभागृहात प्राचार्यांचं भाषण चालू. सरांच्या गळ्यात हार, मांडीवर शाल आणि श्रीफळ. मी तिसऱ्या रांगेत तोंड पाडून बसलेली. नवा गाइड कोण मिळणार, याचा विचार करत होते. तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. उघडला. वाचलं. पुन्हा वाचलं.

मी उभीच राहिले आणि ओरडले, "सर, झालं!"

प्राचार्य माइकमधूनच म्हणाले, "नाही मॅडम, अजून दोन मुद्दे बाकी आहेत!"

वानखडे सरांनी मात्र शाल बाजूला ठेवली, श्रीफळ शेजारच्याच्या हातात दिलं, आणि भर समारंभात चष्मा काढून डोळे पुसले. हसू की रडू, मला कळेना. पुढचे दोन मुद्दे आम्ही दोघांनीही ऐकले नाहीत.

*

पेपर ऑनलाइन आला तशी मी प्रिंट काढली. आभाराच्या परिच्छेदात पहिलंच नाव नामदेवभाऊंचं होतं. रविवारी पेढ्यांचा डबा घेऊन मी आणि सर सकाळच्या एसटीनं समुद्रपूरला निघालो. आकडे गोळा करून झाल्यापासून, म्हणजे गाठोडं बांधून लिहायला बसल्यापासून, त्या वावराकडे माझं जाणं झालं नव्हतं. फोनच काय तो.

कपाशी फुटली होती. चारी बाजूंनी पांढरं झालेलं शेत, आणि मधोमध एक तुकडा काळपट. बोंडं किडून वाळलेली. बांबूच्या काठीवर माझा जुना पिवळा सापळा तसाच लटकलेला.

सर धुऱ्यावरच थांबले. "काय गा नामदेव, या तुकड्याले काय झालं?"

नामदेवभाऊ पुढे आले. धोतराला हात पुसून त्यांनी आधी प्रिंट घेतली. पुढून पाहिली, मागून पाहिली. त्यांचं नाव कुठं आहे ते मी बोट ठेवून दाखवलं, तर तिकडे नीट पाहिलंही नाही.

"मॅडम, निघालाच ना हा? आता वापस तं नाई येत?"

"नाही येत."

"पक्कं?"

"पक्कं, भाऊ!"

त्यांनी पेढा तोंडात टाकला, झोपडीकडे तोंड केलं आणि साऱ्या वावरात ऐकू जाईल असं ओरडले,

"शांता, काढ वं तो फवारनीचा पंप! मॅडमचा पेपर निघाला!"