कळकट म्हणणारी

कळकट हा शब्द आमच्या घरात बायकोनं आणला. शनिवार पेठेत ती धुणीभांडी करायची. पहिल्याच दिवशी तिथल्या बाई म्हणाल्या, "अगं, लुगडं किती कळकट! उद्यापासून नीट येत जा." घरी येऊन रडली. मी म्हणालो, कळकट म्हणजे काय, मळकंच ना? म्हणाली, "मळ धुतला की जातो. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं बघा, तसं. ते जात नाही."

मग तो शब्द तिनं माझ्यावर काढला. चाळीस वर्षं काढला.

मी मार्केट यार्डात हमाल. गुळाच्या ढेपा वाहायच्या. घाम आणि गूळ मिळून सदरा पापडासारखा कडक व्हायचा, खुंटीला टांगला की मुंग्या चढायच्या. दारात पाऊल ठेवलं की आतून आवाज, "आलं का कळकट ध्यान? मोरीत व्हा आधी." आंघोळीशिवाय चहा नाही.

"गूळ खाताना कळकट लागत नाही का गं?"

"धुऊन खाते मी."

खरी रागावली की ती बोलायचीच नाही. कळकट म्हणाली की समजायचं, सगळं ठीक आहे.

दम्यानं तिला दवाखान्यात ठेवली तेव्हा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कामावरून तसाच गेलो. तिनं डोळे उघडले, नाकावरची नळी बाजूला केली. म्हणाली, "असे कळकट आलात? जा, आंघोळ करून या."

मला एवढा आनंद झाला. नर्सबाईंना सांगितलं, "बोलली! आता बरी होणार." त्या हसल्या, "मग जा काका, ऐका त्यांचं."

गेलो. दगडानं टाचा घासल्या. मुंडी खाली घालून दोनदा साबण लावला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून पांढरा सदरा कडक करून घेतला. तिथं उभा राहून चहासुद्धा प्यालो मी.

परत गेलो तर पडदा ओढलेला.

"कुठं होतात काका? दोनदा विचारलं त्यांनी, आले का म्हणून."

"आंघोळीला," म्हणालो.

स्मशानात पाहुण्यांत कुजबूज झाली, बायको गेली आणि हा बघा इस्त्री करून आलाय.

आता एक सदरा आठ-आठ दिवस अंगावर असतो. सून म्हणते, "बाबा, कपडे धुवायला टाकता का?" गुणाची आहे, मान ठेवून बोलते. मला तो मान नको आहे.