दौंडच्या बागेतला नाचरा आणि पाच फांद्या

दौंड जंक्शनला गाडीचं इंजिन बदलेपर्यंत सुज्ञ माणसं वडा खातात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी वडा सोडून स्टेशनाजवळच्या लहानशा बागेत शिरलो. तिथल्या जुन्या जास्वंदीत नाचरा पक्षी घरटं बांधत होता. चिमणीएवढा जीव, शेपटीचा पंखा उघडून, कंबर मोडत असा वळतो की नृत्यशाळा काढावी. बागेचे माळी बिरूआप्पा शेजारी उभे होते. त्यांना मी सहज म्हणालो, "जागा झकास आहे आप्पा, पण फांद्या आड येतात. फोटो काही निघायचा नाही." एवढं एक वाक्य बोलून मी गाडी पकडली. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वार्ताहरकीत पंचवीस वर्षं सत्कार-समारंभ लिहिल्यावर, हार न घेता निघून जाणाऱ्या प्राण्यांची ओढ लागते. तेव्हा मार्च उतरणीला लागताच रजा काढली, रोलचा कॅमेरा घेतला (जग डिजिटल झालंय, कळलंय मला), आणि आधी शिरूर, मग दौंड असा बेत करून बिरूआप्पांना येण्याचा दिवस आणि घरचा फोन नंबर कार्डावर कळवला. "उन्हात चक्कर येईल," म्हणून सौभाग्यवतींनी छत्री दिली. मार्चमध्ये छत्री घेऊन पुण्याच्या शिवाजीनगर स्टँडवर उभ्या राहिलेल्या माणसाकडे लोक वळून पाहतात.

शिरूरला एसटीनं दोन-अडीच तास धरा. मुक्काम करा, कारण पाखरं सकाळी सहा ते आठ कामावर असतात, नंतर सरकारी कचेरीसारखी. घोडनदीच्या बाजूच्या बागेत मला पहिल्याच तासात शिंजीर, दयाळ, तांबट आणि भांडकुदळ सातभाई दिसले. संस्कृत पाठशाळेत मी शिकलो ते चकोर चांदणं पितात आणि हंस दुधातून पाणी वेगळं काढतात. शिरूरचे बुलबुल गळक्या नळाखाली रांग लावून पाणी पितात आणि रांग मोडणाऱ्याला टोचतात. मला हे जास्त पटलं.

फिरायला आलेले एक धोतरवाले आबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"काय मोजणी हाय का?"

"नाही आबा, पाखरांचे फोटो काढतोय."

"आन् पगार कोन देतं?"

"कुणी नाही."

"मग घरचं बरं चाललेलं दिसतंय," म्हणून ते पुढची फेरी मारायला गेले.

स्टँडवर मिसळ खाऊन निघालो. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथं गाडी बदलून पाटस, मग दौंड. अंतर फार नाही, पण उसाचे ट्रॅक्टर पुढे असले की घड्याळ बघू नये. पाटसपर्यंत मी दोन ट्रॉल्यांच्या मागे इतका वेळ होतो की ऊस ओळखीचा झाला.

दौंडला बागेच्या फाटकातच बिरूआप्पा भेटले. उमेदीत मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले. आता मेंढरांच्या जागी मेंदी कातरतात. हात तोच, असं स्वतःच सांगतात. आज चेहरा नवरदेवाच्या बापासारखा खुललेला होता.

"चला सायेब, तुमचं काम करून ठिवलंय!"

जास्वंदीपाशी गेलो. झुडपाची दक्षिणेकडची बाजू साफ कातरलेली. मधोमध कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेलं वाटीएवढं घरटं, तळपत्या उन्हात उघडं. आत दोन बिनपिसांची पिल्लं चोची वासून धापा टाकत होती.

"सकाळीच छाटल्या. तुमीच म्हनला व्हता न्हवं, फांद्या आड येतात? पावनं येनार म्हंजी काम नीट नको व्हय?"

पाहुण्यासाठी अंगण झाडावं तसं त्यांनी झुडूप झाडलं होतं. दोष कुणाचा, हे सांगायला पाठशाळा लागत नव्हती. नाचरा कुंपणावर येऊन कर्कश ओरडत होता. पलीकडे कडुलिंबावर एक कावळा अत्यंत सभ्यपणे बसलेला.

"आप्पा, ऊन लागून पिल्लं मरतील हो."

आप्पांचा चेहरा उतरला. मी घाईनं छत्री उघडून घरट्यावर धरली. नाचरा आणखी लांब उडाला.

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या त्यांच्या बायको, मालनबाई, खराटा टाकून आल्या. "मिटा ती छत्री दादा! तुमाला बघून मी बी पळाले असते. आन् तुमी वो, कोकरांना सावली कशी करत व्हता? इसरला?"

आप्पा विसरले नव्हते. छाटलेल्या फांद्या ताज्याच होत्या. त्यांनी त्यातली एक उचलली, घरट्याच्या वर जास्वंदीत खोवली आणि आम्हांला वीस पावलं मागं घेऊन आले.

"बाकीच्या?"

"एकदम लावलं की मेंढी बुजती, कोकराला घेत न्हाई. एक लावायची, आई आली की दुसरी."

आम्ही तिघं खाली बसलो. कावळा एक फांदी जवळ आला. मालनबाईंनी बसल्या जागेवरून खडा मारला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग नाचरा आला, घरट्याच्या काठावर बसला आणि त्यानं पंखा उघडला. पानाआडून गाळलेलं ऊन, मागं लाल फूल. असा फोटो आयुष्यात एकदा समोर येतो.

"काढा की," आप्पा हळूच म्हणाले. "त्याच्यापायीच तर झालं हे."

कॅमेरा डोळ्याला लावला. पण माझ्या या कॅमेऱ्याचा खटका कडी पडल्यासारखा वाजतो. आता उडाला तर पुन्हा येईल? खाली ठेवला.

दुसरी फांदी. वाट पाहणं. तिसऱ्या फांदीला शेपटी दिसेनाशी झाली, चौथीला चोची. पाचवी आप्पांनी बाभळीची लावली, काटे कावळ्याच्या बाजूला करून. आता जास्वंद दिसत होती, बस्स. आणि आतून बारीक चिवचिव.

मालनबाईंनी भाकरी-पिठलं वाढलं. संध्याकाळच्या पॅसेंजरनं पुण्याला परतलो.

रोल धुऊन आणला. दौंडचा एकच फोटो: बाभळीची फांदी धरून झुडपाकडे तोंड केलेले, पाठमोरे बिरूआप्पा.

"यात पक्षी कुठाय?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"आत आहे."

"छत्री उघडलीत का?"

"उघडली. पक्ष्यांना आवडली नाही."

पण रोज सकाळी आमच्या गॅलरीत बुलबुल ओरडला की त्या दोन वासलेल्या चोची आठवत. ज्यानं फांद्यांबद्दल तोंड उघडलं, त्याला झोप लागू नये हे न्यायाला धरूनच आहे.

दहाव्या दिवशी फोन वाजला. रुपया टाकायच्या फोनच्या डब्यावरून आप्पा ओरडत होते.

"सायेब, उडाली! दोनी बी! आज सकाळी कुंपनावर बसली, शेपटी नाचवत!"

मी खुर्चीत बसलो.

"आन् ऐका," आप्पा म्हणाले, "आता कवाबी या. पाची फांद्या काढून ठिवल्यात. खोपा लई झ्याक दिसतोय!"