पोप गेले त्या दिवशीचं पिठलं

टीव्हीवर पोप गेल्याची बातमी लागली आणि मला पिठल्याचा वास आला.

मी कॉलेजात असताना तेव्हाचे पोप वारले. नारायणगावच्या आमच्या आळीत कॅथलिक घर एकच, आमचं. आई आमटी ढवळत फणकारली, "स्वतःवर गोळी झाडणाऱ्याला माफ केलं, पण बायांचं कधी ऐकलं नाही."

तेवढ्यात शेजारच्या कौसाकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. "तुमचं थोरलं माणूस गेलं. आज चूल पेटवायची न्हाई."

आईनं हळूच गॅस बंद केला.

"कसं व्हतं माणूस?" काकूंनी विचारलं.

"लई हट्टी," आई म्हणाली, "पण आमचं होतं." आणि रडायलाच लागली.

आज पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मीही गॅस पेटवला नाही. दार मात्र कुणी वाजवलं नाही.