भोयर सरांनी घडवलेली वैमानिकाची खुर्ची

श्री. प्रभाकरराव भोयर यांची आणि माझी ओळख माझ्याच दवाखान्यात झाली. पुसदमध्ये दंतवैद्य म्हणून मी नुकतीच बसले होते आणि रुग्ण मोजकेच येत. सर रांगेत बसून राहिले, नंबर आल्यावर आत आले, पण खुर्चीवर बसेनात. दात ठीक आहेत म्हणाले. दात कोरण्याची बारीक टोके बोथट झाल्यावर तुम्ही टाकून देता का, तेवढे त्यांना विचारायचे होते. मी कारण विचारले. अगदी साध्या सुरात ते म्हणाले, "विमानाले भोकं पाडाचे आहेत."

त्यानंतर मी जुनी टोके निर्जंतुक करून त्यांच्यासाठी बाजूला ठेवू लागले. ती पोहोचवायला एकदा त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या टेबलापाशी जी बसले ती आजही तिथेच बसते. आयटीआयमध्ये ज्यांनी सरांकडून पत्रेकाम शिकले, ते सरांच्या या गौरवग्रंथात आपापले अनुभव लिहितीलच. मी त्यांची उशिरा झालेली विद्यार्थिनी. त्यांच्या निवृत्तीनंतरच्या कामाबद्दल मी लिहावे, असे ग्रंथाच्या समितीने सुचवले. ते काम म्हणजे लढाऊ विमानांच्या प्रतिकृती.

ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. बाजारात प्लास्टिकच्या सुट्या भागांचा संच मिळतो, तो जोडला की विमान तयार होते. लांबून ते छान दिसते. जवळ गेले की कळते, वैमानिकाच्या जागी नुसता एक ठोकळा आहे आणि चाकांच्या कप्प्यात काहीच नाही. सरांचे काम इथून सुरू होते. संचातला ठोकळा ते कापून टाकतात आणि खऱ्या विमानाचे फोटो समोर ठेवून तो भाग स्वतःच्या हातांनी नव्याने घडवतात. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार घेऊन ब्रेकच्या नळ्या. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी कापून वैमानिकाचे पट्टे. प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ओढायची, की केसासारखा धागा निघतो. त्याच्या विजेच्या तारा होतात.

चाकांच्या कप्प्यात, जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथेही ते नळ्या बसवतात. विमान टेबलावर उभे असताना हे कोण पाहणार, असे मी एकदा विचारले. सर म्हणाले, खऱ्या विमानाखाली उताणे पडून जो काम करतो, त्याला दिवसभर तेच दिसते. आणि जिथला फोटोच मिळत नाही, तो भाग ते कोरा सोडतात. अंदाजाने भरत नाहीत. "मले माहीत नाही ते मी बनवत नाही," हे वाक्य आम्ही शिकणाऱ्यांनी इतक्या वेळा ऐकले आहे की आम्ही त्याची नक्कलही करतो.

त्यांच्या मायेबद्दल एकच प्रसंग सांगते. माझे वडील यवतमाळला दवाखान्यात होते आणि मला तडकाफडकी जावे लागले. फाटकावर पाटी लावायलाही वेळ नव्हता. परतले तेव्हा कळले की सर रोज सकाळी येऊन माझ्या दाराशी बसत होते. येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरीणबाई का नाहीत ते सांगत आणि फार दुखत असेल तर कुठे जायचे तेही. रिकाम्या वेळात त्यांनी माझ्या रुग्णांच्या खुर्चीची कुरकुर बंद केली होती. त्यांनी स्वतः मला यातले काही सांगितले नाही. शेजारच्या मेडिकलवाल्याने सांगितले.

इथवर लिहून मी मजकूर सरांना वाचून दाखवला. त्यात आणखी बरेच काही होते, विशेषणेही पुष्कळ होती. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "यात तांडा नाही." मी म्हटले, सर, हा गौरवग्रंथ आहे. ते म्हणाले, "तांडा लिहाचा नसंन तर बाकीचंही नका छापू."

म्हणून आता जे लिहिणार आहे ते लिहिताना मान वर होत नाही. पण त्यांची आज्ञा आहे.

काही वर्षांपूर्वी पुसदच्या एका शाळेत सरांच्या विमानांचे प्रदर्शन होते. तिथे महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरून, म्हणजे बंजारा वस्तीवरून, रामधन राठोड नावाचे गृहस्थ आले. घरची कपाशी आणि तूर. त्यांचा मुलगा अर्जुन वैमानिक झाला होता. तांड्यातला पहिलाच. सरावाच्या उड्डाणात अपघात झाला आणि तो गेला. रामधनभाऊ एकेका विमानापुढे बराच वेळ उभे राहिले. मग सरांजवळ येऊन त्यांनी खिशातून फोन काढला. फोटोत अर्जुन विमानाच्या शिडीवर उभा होता, हातात हेल्मेट, तोंडभर हसू. हेच विमान बनवून द्याल का, त्याच्या आईसाठी, असे त्यांनी विचारले.

सरांनी लगेच होकार दिला. तो फोटो मोठा करून त्यांनी टेबलासमोर लावला. अर्जुनच्या खांद्यामागे वैमानिकाची खुर्ची स्पष्ट दिसत होती, म्हणून सगळा जीव त्यांनी त्या खुर्चीत ओतला. संकटाच्या वेळी वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी ती खुर्ची. तिच्या मागचे रूळ, डोके टेकायची गादी, पट्ट्यांची बकले. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये काळ्यापिवळ्या पट्ट्यांची एक कडी असते. ती ओढली की खुर्ची सुटते. ती कडी मी वाकवली, दात सरळ करायच्या तारेची, माझ्याच पक्कडीने. विमान जमिनीवर असताना खुर्ची चुकून सुटू नये म्हणून तिच्यात पिना घालून ठेवतात आणि पिनांना लाल फिती बांधतात. उड्डाणाआधी त्या काढून घेतात. फोटोत फिती लोंबताना दिसत होत्या, म्हणून सरांनी त्याही केल्या. नखाच्या टोकावर मावेल एवढी एकेक. माझ्या पाहण्यात सरांच्या हातून इतके सुंदर काम झाले नव्हते. मी ते बोलूनही दाखवले, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. कॉकपिटची काच सरांनी उघडी ठेवली, खुर्ची दिसावी म्हणून.

विमान द्यायला आम्ही दोघे गेलो. घरात भावकी जमली होती. अर्जुनच्या फोटोला हार होता, एका खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला. अर्जुनच्या आईला घरात सगळे याडी म्हणत. गोर बोलीत याडी म्हणजे आई. विमान चौरंगावर ठेवले. याडींनी त्याला हळदकुंकू लावायला बोट पुढे केले आणि तसेच मागे घेतले, रंग बिघडेल म्हणून.

मग सर सांगू लागले. मी छोटी बॅटरी धरली होती आणि भिंग माणसांच्या हातोहात फिरत होते. पंख, चाके, नळ्या. आणि शेवटी खुर्ची, तिच्या लाल फितींसकट. सर रंगात आले होते, हे मला कबूल केले पाहिजे, आणि मीही. मध्येच मी सांगितले की ती कडी मी केली आहे. विमानात बिघाड झाला की वैमानिक ही कडी ओढतो, वरची काच उडून जाते, खुर्ची माणसासकट बाहेर पडते आणि छत्री उघडते, असे सर समजावून सांगत होते. वर्गात सांगावे तसे, सावकाश, काही न सोडता.

याडींनी भिंग डोळ्याला लावले. बराच वेळ पाहिले. मग विचारले, "हे माह्या पोराच्या विमानात होतं का, मास्तर?"

सर म्हणाले, "होतं."

"मंग तो बाहेर काहून नाही आला?"

माझ्या हातातली बॅटरी त्या कडीवरच होती आणि ती विझवायचेही मला सुचेना. मागून एक नातेवाईक म्हणाले की खाली वस्ती असेल, तिला वाचवायला तो आत थांबला असेल. सगळ्यांनी सरांकडे पाहिले. सरांनी एक हो म्हटले असते तर त्या घराला धरून राहायला काहीतरी मिळाले असते. ते म्हणावे, असे मलाही मनापासून वाटत होते. सरांनी हात जोडले. "मले माहीत नाही, बाई," ते म्हणाले.

चहा झाला. रामधनभाऊंनी आम्हा दोघांना शेला दिला, नारळ दिला. तो शेला खांद्यावर घेताना मला जे वाटले ते याआधी कधी वाटले नव्हते. एका आईच्या घरात आम्ही भिंग घेऊन गेलो होतो, आणि ज्या वस्तूने तिचा मुलगा वाचायचा होता पण वाचला नाही, तीच कौतुकाने तिला दाखवून आलो होतो. अचूकपणात काही उणे नव्हते. उणे दुसरीकडेच होते, आणि ते आम्हा दोघांपैकी एकालाही दिसले नव्हते.

परतीच्या वाटेवर महागाव मागे पडल्यावर सरांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले आणि रस्त्याच्या कडेला शेताकडे तोंड करून उभे राहिले. परत येऊन बसले तेव्हा एवढेच म्हणाले, "इतके महिने तो फोटो समोर होता. मी पोराच्या मागंच पाहून राह्यलो. पोराकडं पाह्यलंच नाही."

त्यानंतर सरांनी टेबलावर कापड घातले. आम्ही शिकायला गेलो की चहा मिळे, गप्पा होत, काम मात्र नाही. कुणी कौतुक करू लागले की ते उठून आत जात. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, यांनी मला बाजूला घेऊन विचारले की नेमके काय झाले. मी सांगितले. काकू म्हणाल्या, मग राहू दे त्यांना असेच काही दिवस.

कपाशीची वेचणी आटोपल्यावर सरांनी मला सोबत येता का विचारले. काच बंद करण्याचे साहित्य त्यांनी बरोबर घेतले होते. काच बंद करून कडा रंगवल्या की आतले काही दिसणार नाही, असा त्यांचा विचार होता. विमानच घरात नको असेल तर ते परत न्यायलाही ते तयार होते. तांड्यावर याडी एकट्याच अंगणात तूर निवडत होत्या. सर त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली, तुम्हाला ते दाखवायला नको होते, असे त्यांनी सांगितले आणि काच बंद करायची परवानगी मागितली.

याडींनी हातातले सूप खाली ठेवले. लाल फितींचे त्या दिवशी तुम्ही काय सांगितले होते, ते पुन्हा सांगा म्हणाल्या. सरांनी सांगितले.

"म्हणजे त्या फिती लागून हायेत तवलोक विमान उडत नाही?"

"नाही उडवत."

"मंग राहू द्या उघडंच. मी रोज पायते. फिती जागच्या जागी हायेत, पोरगं अजून खालीच हाय."

सरांनी बरोबर आणलेले साहित्य तसेच बाजूला ठेवले. याडींनीच उठून त्यांना पाणी दिले. परतताना घराजवळ आल्यावर सर म्हणाले, ज्या बाईला मी दुखवले, तिनेच मला सावरून परत पाठवले, आता हे तोंड कुठे लपवू. ती लाज माझीही होती आणि आहे. दात सरळ करायची तार आजही मी हातात घेते तेव्हा ती कडी आठवते.

काही काळाने टेबलावरचे कापड निघाले. सर आज पुन्हा काम करतात, तितकेच बारीक. बदलले आहे ते एवढेच की कुणाच्या घरासाठी काही करायचे असेल तर आधी ते त्या घरी जाऊन बसतात. घाटंजीच्या एका बाईंना आपल्या वडिलांचे विमान हवे आहे. ते विमानदलात तंत्रज्ञ होते. सर त्यांच्याकडे जाऊन आले आहेत, फोटो न मागता. नुसते ऐकायला. परत आल्यावर मला म्हणाले की वडिलांच्या हाताला कसला वास येई, ते त्या बराच वेळ सांगत होत्या. संच अजून उघडलेला नाही.

सर आजही तांड्यावर जातात. होळीला, तीजेला, कधी उगाच. लेखाचा हा भाग लिहायला घेतला तेव्हा मी याडींना फोन केला. सरांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, तुमच्याकडून काय लिहू, असे विचारले. त्या म्हणाल्या, "माह्या पोराच्या वस्तू इतक्या बारीक नजरेनं कोणीच नाही पाह्यल्या. लोक येतात, फोटोले हार घालतात, जातात. मास्तर बसतात."

हे वाक्य मी सरांना वाचून दाखवले. त्यांनी मान खाली घातली. छापू का विचारले तर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

मी ते छापायला दिले आहे. सरांना उदंड आयुष्य मिळो. त्यांची नजर साफ राहो, हात थरथरू नयेत. आणि गुडघे इतके बळकट राहोत की आणखी पुष्कळ वर्षे त्यांना त्या अंगणात याडींसमोर जमिनीवर बसता यावे आणि कुणाचा हात न धरता उठता यावे.